असावं

घणसोली, सेक्टर सात. खाली पिठाची गिरणी,
वर आमचा क्लास.
गिरणी सुरू झाली की फळा थरथरतो
आणि सत्त्याऐंशीतला सात वाकडा येतो.

फ्रान्सियम.
पहिल्या गणातलं तळाचं घर.
लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम,
मग हे,
ज्याचा तुकडा कुणी चिमट्यात धरलेला नाही,
रॉकेलात बुडवून बाटलीत ठेवलेला नाही.
म्हणतात, अख्ख्या पृथ्वीच्या पाठीत मिळून
एका वेळी असेल दोन चमचे,
तेही कणाकणानं पांगलेलं,
आणि बावीस मिनिटांत त्यातलं निम्मं
दुसरंच काही झालेलं.

आमचा तास पंचेचाळीस मिनिटांचा.
हजेरी घेताना चिमूटभर असतं
तर वह्या मिटेपर्यंत पाव चिमूट.

"मग मॅडम, गुणधर्म कळले कुठून?"
भावंडांवरून, मी सांगते.
सोयरीक जुळवताना विचारतात तसं,
घराणं कसं आहे?
घराणं देणारं आहे.
बाहेरच्या कवचात एकुलता इलेक्ट्रॉन,
तो देऊन मोकळं व्हायचं.
दिला की धनायन. प्रभार अधिक एक.
दुसरा मागायला गेलात
तर आतलं कवच कडी लावून घेतं.

"देऊन अधिक?" हर्षाली मढवी. खिडकीजवळचं बाक.
"इलेक्ट्रॉन ऋण असतो ना.
ऋण गेलं, धन उरलं."
वर्ग हसतो.
सतरा वर्षं हसतोय, याच वाक्याला, याच जागी.

हर्षाली हसत नाही.
"आमच्या आज्यानं मिठागर दिलं सिडकोला.
गिरणीच्या मागं जिथं गाड्या लावतात ना, तिथं वाफे होते.
साडेबारा टक्के मिळाले,
ते पण बाबांचे केस पिकल्यावर.
मग आमी अधिक किती, मॅडम?"

खाली कुणाचं तरी दळण संपलं.
एकदम इतकी शांतता
की खडू बोटांत ओला वाटला.

पुस्तकात उत्तर नव्हतं. मी फळ्याकडे वळले
आणि जे कधी शिकवत नाही, परीक्षेला येत नाही म्हणून,
ते शिकवलं :
गणात खाली जावं तसं देणं सोपं होत जातं,
मीच लिहून दिलंय तुम्हांला, दोन रेघा मारून.
पण अगदी तळाशी नियम किंचित चुकतो.
केंद्रात सत्त्याऐंशी प्रोटॉन,
त्यांच्या ओढीनं तो एकटा इतका वेगानं धावतो
की जड होतो, आत सरकतो.
सीझियम देतं तितक्या सहज
फ्रान्सियम देत नाही.
देतंच शेवटी.
पण सगळ्यांत शेवटचा
जरा घट्ट धरून ठेवतो.

"आज्यानं पण शेवटी अंगठा दिला," ती म्हणाली,
"आख्ख्या आळीत शेवटी.
मीठ ओढायची फळी मात्र दिली नाय.
आहे आमच्या गच्चीवर, टाकीमागं."

तास संपत आला होता. मी घाईनं लिहिलं :
फ्रान्सियम आणि क्लोरीन.
मीठच होईल. पांढरं असावं.
पाण्यात विरघळत असावं.
पाहिलं कुणी नाही, त्यामुळे या धातूला
असावं हेच क्रियापद लागतं.
आहे म्हणावं तोवर
ते रेडियमच्या घरी नांदायला गेलेलं असतं,
तिथं प्रभारही वेगळा, अधिक दोन.

सोमवारी टेबलावर काडेपेटी होती.
आत काड्या नव्हत्या,
फळीच्या भेगांतून सुईनं खरवडलेले
करडे, ओलसर सात-आठ दाणे.
प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही,
पहिल्याच दिवशी मी बजावते.
एक दाणा जिभेवर ठेवला.

खारट.
मागून थोडं लाकूड लागतं.